झडपेमागचं तळं : पाणी कुठून येतं, कुठे जातं

२ मार्च २०२५, रविवार

लिफ्टच्या खड्ड्यात १४ सेंमी पाणी. पाऊस जाऊन पाच महिने होत आले, तरी हे. लिफ्टवाला सांगून गेला की खालची स्प्रिंग गंजली आहे आणि खड्डा कोरडा झाल्याशिवाय तो हात लावणार नाही.

काल सोसायटीच्या सभेत दीड तास याच विषयावर गेला. निदान सगळ्यांनी मिळून करून टाकलं: मागच्या तळ्याचं पाणी जमिनीतून पाझरत येतं. उपायही ठरला, तळ्यात भराव टाका म्हणून अर्ज करायचा. मी एवढंच म्हटलं की आधी मोजून बघू. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही मोजा, तोवर आम्ही अर्ज करतो." कारखान्यात बावीस वर्षं प्रेशर गेज आणि लेव्हलची उपकरणं लावतोय, तेव्हा तोंड उघडलं की काम आपल्याच गळ्यात पडणार हे आधीच कळायला हवं होतं.

जागेची नोंद करून ठेवतो. घणसोली, खाडीच्या बाजूचा सेक्टर. आमची इमारत, कुंपणभिंत, सर्व्हिस रोड, नाला, मग दोनेक एकरांचं उथळ तळं, मग जुना मातीचा बांध, बांधावर आणि पलीकडे तिवरं, त्यापुढे ठाण्याची खाडी. पूर्वेला रेल्वे, ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसी आणि पाठीशी पारसिकचा डोंगर. तळं खाडीला एकाच मोरीने जोडलेलं आहे. ९० सेंमीचा पाइप आणि त्याच्या खाडीकडच्या तोंडाला लोखंडी झडप. भरती आली की खाडीचं पाणी झडप दाबून बंद करतं, ओहोटीला तळ्याचं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. १९७० मध्ये सिडको आली आणि पुढे नवी मुंबई वसली. सखल भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली, म्हणून अशी धारण तळी आणि झडपा. याला सगळे डच पद्धत म्हणतात.

आबा हसतात. (आबा म्हणजे घणसोली गावातले, आमच्या भाजीवालीचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, संध्याकाळी बांधावर असतात.) "डच कसली, ही आमची उघारीच." खारजमिनीत भात करणाऱ्यांनी बांध घालून खाडी अडवायची, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन घ्यायचं आणि जास्तीचं पाणी ओहोटीला उघाडीतून सोडायचं. लाकडाच्या जागी लोखंड आलं, एवढाच काय तो फरक.

८ मार्च, शनिवार

चार नळ्या बसल्या. दीड इंची पीव्हीसी पाइप, खालच्या भागात ड्रिलने भोकं, त्यावर बायकोच्या जुन्या साडीचं अस्तर दोऱ्याने गुंडाळलेलं, खाली टोपण. नळी १ लिफ्टच्या भिंतीलगत, नळी २ कुंपणभिंतीच्या आतल्या बाजूला, नळी ३ तळ्याच्या काठी पाण्यापासून तीन मीटरवर, नळी ४ बांधावर. तिवराचं एकही मूळ तोडलं नाही, दोनदा जागा बदलली.

खणताना जे वर आलं ते लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं बहुधा यावरच उभं राहणार आहे. नळी १ ला वरपासून १६० सेंमीपर्यंत भराव: तांबडा मुरूम, विटांचे तुकडे, एक अख्खी चप्पल. मग ऑगर (माती खणायचं हाती गिरमिट) एकदम जड झाला. फिरेना. ओढून काढला तर टोकाला निळसर राखाडी माती, लोण्यासारखी गुळगुळीत, सडक्या अंड्याचा वास आणि त्यात कालवाची अर्धी शिंपली. जुनी खाडी ती. आमच्या लिफ्टच्या खाली दीड मीटरवर अजून बसून आहे. लेकीने शिंपली धुऊन खिशात टाकली.

नळी ३ ला उलटा प्रकार. वरचे ४० सेंमी तपकिरी, मुळं आणि चिंबोऱ्यांची बिळं, हात घातला तर आत जातो. त्याखाली तीच राखाडी माती, तिच्यात बोटही शिरत नाही.

९ मार्च, रविवार

नळ्यांची कल्पना माझी नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडे पीटच्या दलदली असतात. तिथे शेवाळ पाण्याखाली हवेविना कुजत नाही, एकावर एक साचत जातं, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. जगाच्या जमिनीपैकी तीनेक टक्केच असली जमीन, पण तिच्यात अडकलेला कार्बन साऱ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त. ती माणसं अशाच भोकांच्या नळ्या रोवून आतल्या पाण्याची पातळी वर्षानुवर्षं टिपतात. त्यांचं म्हणणं असं की दलदल एकसंध स्पंज नसते. वरचा जिवंत, सैल थर वेगळा, त्यातून पाणी धावतं. खालचा दबलेला थर वेगळा, त्यातून सरकता सरकत नाही. पाऊस पडला की वरच्या थरातून वाहून जातो आणि खालचा आपला भिजलेलाच राहतो.

आमच्याकडे पीट नाही. पण कालचे ते ४० सेंमी आणि खालची राखाडी माती पाहिल्यापासून तेच डोक्यात आहे. तिथे शेवाळ करतं ते इथे चिंबोऱ्या करत असतील का?

नळीतली पातळी मोजायला फुंकणी केली. बारीक पारदर्शक नळीवर सेंटिमीटरच्या खुणा, ती फुंकत फुंकत खाली सोडायची. बुडबुड ऐकू आली की थांबायचं आणि आकडा वाचायचा. पाच मिमीपर्यंत बरोबर येतं. वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, जमिनीच्या कानात काय सांगताय?"

मग नळ्या उपसून पाहिल्या. नळी १ रिकामी केली तर चार मिनिटांत पुन्हा भरली. मुरूम. नळी ३ ची टोपणाकडची भोकं राखाडी मातीत आहेत आणि वरचा भाग मी बंद ठेवलाय. ती सकाळी रिकामी केली, रात्री दहाला बोटभर पाणी.

१२ मार्च, बुधवार. नळी ३ आज पहाटे पूर्वपदावर. तीन दिवस लागले.

१६ मार्च, रविवार

पूर्ण भरती-ओहोटीची पाळी. सकाळी आठ ते रात्री साडेदहा, दर पंधरा मिनिटांनी वाचन. लेक तळ्यात रोवलेल्या मोजपट्टीवर, मी नळ्यांवर, दुपारी बायकोने आम्हाला हाकलून जेवायला बसवलं तेव्हा आबा पट्टीवर.

आबांना विचारलं, भरती किती वाजता. "तिथीची पाऊनपट कर." आज वद्य द्वितीया, दोनची पाऊणपट दीड. दीड वाजता पूर्ण भरती. मुंबईच्या अपोलो बंदराला हे बरोबर लागू पडतं. आमच्या मोरीपाशी पाणी फिरलं २ वाजून ५ मिनिटांनी, कारण खाडी चिंचोळी होत होत इथवर यायला पाण्यालाही वेळ लागतो. आबांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले की तेही मोबाइल न काढता सांगितलं असतं.

झडप पूर्ण बंद होतच नाही. तिच्या आणि चौकटीच्या मध्ये सिमेंटची गोणी अडकली आहे, चार बोटांची फट राहते. खाडीचं पाणी पाइपाच्या उंबरठ्यावर आलं की त्या फटीतून आत घुसतं. तळं साडेतीन तासांत १९ सेंमी चढलं. दोन एकरांवर १९ सेंमी म्हणजे पंधरा लाख लिटर, दहा हजार लिटरचे दीडशे टँकर. तेही चार बोटांच्या फटीतून, कुणाच्या लक्षात न येता. उतरायला मात्र त्याच फटीतून आठ तास घेतले आणि तरी दोन सेंमी शिल्लक होतं, तेवढ्यात पुढची भरती. येताना खाडी मीटरभर उंचीवरून ढकलते, जाताना तळ्याला वीतभरही उंची मिळत नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत तळं दररोज थोडं थोडं चढत जातं.

मुख्य गोष्ट. तळं १९ सेंमी हललं तेव्हा नळी ३ हलली ८ मिमी. नळी २ शून्य. नळी १ शून्य. लिफ्टचा खड्डा शून्य.

रात्री सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, पाणी हळूहळू येत असेल, एका दिवसात कसं दिसेल. मुद्दा चूक नाही. नळी ३ लाच भरायला तीन दिवस लागले होते.

२५ मार्च, मंगळवार

भांगाचे दिवस. अष्टमी-नवमीच्या आसपास भरती इतकी बसते की पाणी उंबरठ्यालाही लागत नाही. म्हणजे तळ्यात खाडीचा थेंब नाही आणि पाऊसही नाही. आता फक्त वजाबाकी.

२१ पासून आजपर्यंत चार दिवसांत तळं ४७ मिमी उतरलं. काठावर जाळीखाली पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं टब ठेवलं होतं (कावळे आंघोळ करतात म्हणून जाळी), ते २६ मिमी उतरलं. टब उन्हाने जास्त तापतं, म्हणून मोकळ्या तळ्यासाठी त्याच्या सातदशांश धरतात, म्हणजे १८. उरले २९ मिमी. उन्हाने नेले नाहीत, उंबरठ्यावरून गेले नाहीत.

आबा म्हणाले, "बाला, पानी मातीतून नाय जात, बिलातून जातं. चिंबोरीला इचार."

संध्याकाळच्या ओहोटीला बांधाच्या खाडीकडच्या अंगाला उतरलो. गुडघाभर चिखल, एक बूट तिथेच राहिला. डोळे सरावल्यावर दिसायला लागलं. बांधाच्या पोटाशी ओले डाग, प्रत्येकाखाली बोटाएवढी धार, धारेखाली चिखलात कोरलेली इवलीशी नदी, तिच्या काठाने निवट्या बसलेल्या. ओले डाग २३ मोजले. सगळ्यांत मोठ्या धारेखाली लिटरची बाटली ४० सेकंदांत भरली. सगळे डाग त्याच उंचीच्या पट्ट्यात, बांधाच्या वरच्या हातभर भागात. खालची राखाडी माती कोरडी ठणठणीत, म्हणजे ओली पण गळत नसलेली. वरचा थर चाळणी, खालचा तवा.

नळी ४ मध्ये बिळ आलं आहे. फुंकणी घातली तर चिंबोरीने पकडली.

३० मार्च, रविवार. पाडवा. फक्त वाचन. तळं +१७ सेंमी, नळी ३ +०.७, बाकी हालचाल नाही.

१२ एप्रिल, शनिवार

मिठाचा दिवस. टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) पेन ९,९९० च्या पुढे वाचत नाही, म्हणून खारं पाणी आरओच्या पाण्यात दहापट पातळ करून मोजलं. असं केल्याने आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण मला हजारांतला फरक बघायचा आहे, दशकांतला नाही.

नळाचं पाणी ८६. लिफ्टचा खड्डा ११२. नळी १, १४०. नळी २, ७९०. नळी ३, ३६,०००. तळं ३९,०००. खाडी ३३,०००. (समुद्राचं साधारण ३५,००० धरतात. तळं खाडीपेक्षा खारट, कारण ऊन पाणी नेतं, मीठ ठेवून जातं. मिठागर चालतं ते याच हिशोबावर.)

लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी खाडीचं नाही. जवळजवळ नळाचंच आहे.

सेक्रेटरी: "माती गाळते ना. पाझरताना मीठ मागे राहतं." हे बरेच जण मानतात. माती गढूळपणा गाळते, विरघळलेलं मीठ नाही. तसं असतं तर खाडीकाठच्या एकाही गावाची विहीर खारट झाली नसती. लेकीने बाटलीत वाळू भरून मिठाचं पाणी ओतलं, खालून आलेलं सेक्रेटरींच्या घरी चाखायला नेलं. त्यांनी चाखलं, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

१३ एप्रिल, रविवार

पातळ्या एकमेकींशी जुळवल्या. गवंड्याकडून तीस मीटरची पारदर्शक लेव्हल पाइप आणली. इमारतीपासून तळ्यापर्यंत चार टप्पे, नाला ओलांडताना एकदा पाइप हातातून सुटून पुन्हा पहिल्यापासून.

नळी १ मधलं पाणी तळ्याच्या पाण्यापेक्षा ६२ सेंमी उंच. नळी २ मधलं ५७ सेंमी उंच. म्हणजे पाणी गेलंच तर आमच्याकडून तळ्याकडे जाईल. तळ्यातून आमच्याकडे यायला त्याला चढ चढावा लागेल. हे पहिल्याच रविवारी करायला हवं होतं. नळ्या रोवायच्या उत्साहात साधी उंची मोजायची राहिली.

१९ एप्रिल, शनिवार

जमिनीखालच्या टाकीची चाचणी. रात्री साडेबारा ते पाच पंप बंद, आवक बंद. टाकी ४.२ गुणिले ३.५ मीटर. साडेचार तासांत पातळी ९ मिमी उतरली, म्हणजे १३२ लिटर. दिवसाला सातशेच्या आसपास. टाकी लिफ्टपासून तीन मीटरवर आहे.

कमिटीत शांतता.

१० मे, शनिवार

टाकी दुरुस्त झाली. पंपाचा पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथे भेग होती. वॉटरप्रूफिंगवाल्याने तीन दिवस घेतले. काल रात्री पुन्हा चाचणी केली, साडेचार तासांत १ मिमीही नाही.

लिफ्टचा खड्डा उपसून ठेवला होता, आज ओलसर, पण पाणी नाही. लिफ्टवाल्याला फोन केला. माझी कॉलर जरा ताठ, हे खरं.

२१ मे, बुधवार

पावसाळ्यापूर्वीच्या सफाईला ठेकेदाराची माणसं मोरीवर आली होती. गोणी निघाली. झडपेला ग्रीस लागलं, आता ती मांजरीच्या पापणीसारखी मिटते. नियमाने हेच बरोबर. तरी संध्याकाळी मला चुटपुट लागली. मार्चपासून जे मोजतोय त्यातलं निम्मं त्या गोणीमुळे होतं.

२७ मे, मंगळवार

मान्सून काल मुंबईत पोचला, नेहमीच्या ११ जूनच्या पंधरवडाभर आधी. छत्री दुरुस्तीला गेलेली.

लिफ्टच्या खड्ड्यात ९ सेंमी.

सेक्रेटरींनी जिन्यात गाठून काही न बोलता फक्त नऊ बोटं दाखवली. कॉलर खाली.

टीडीएस ६०. नळाचंही नाही, पावसाचं. म्हणजे टाकीची गळती खरी होती, पण खड्ड्याकडे येणारी वाट एकच नव्हती. मुरुमाचा भराव म्हणजे तव्यावर ठेवलेली चाळणी. पाऊस तिच्यात उतरतो, तव्यावर साचतो आणि सगळ्यांत खोल खड्डा शोधतो. सगळ्यांत खोल लिफ्टचाच.

आज उधाण. अमावास्या, भरती मोठी. तळं फक्त २ सेंमी हललं. झडप चोख.

१ जून, रविवार

नळी १ आणि नळी २ च्या पातळ्या पुन्हा पाहत बसलो. एप्रिलमध्ये फरक ५ सेंमी होता, आज ३. दोघींत वीस मीटरचं अंतर. मुरुमातून पाणी वाहत असतं तर उतार याहून जास्त दिसला असता. हे वाहतं पाणी नाही, ताटात धरलेलं पाणी आहे. ताटाला काठ कुठला? एप्रिलमध्येच हा आकडा समोर होता आणि मी तळ्याशी भांडण जिंकल्याच्या आनंदात त्याच्याकडे बघितलंच नाही.

दुपारी पावसातच कुंपणभिंतीच्या बाहेरून चाललो. भिंत बांधताना खाली दर दोन मीटरवर वीप होल (मागचं पाणी निघायची भोकं) ठेवलेले असणार, रंगाखाली गोल उंचवटे दिसतात. दोन वर्षांपूर्वी रंगकाम झालं तेव्हा "भिंतीला डाग पडतात" म्हणून ती भोकं लिंपून घेतली. ठराव सर्वानुमते. माझीही सही आहे, मिनिट बुकात बघितली.

८ जून, रविवार

वॉचमनकाका, मी आणि एक छिन्नी. पहिल्या दोन भोकांतून नुसता ओला मुरूम. तिसऱ्यात छिन्नी घुसली आणि बाहेर काढताच तांबडं पाणी हातभर लांब उडालं, काकांच्या पायजम्यावर. धार तासभर टिकली, मग बारीक होत रात्रभर. एकूण अकरा भोकं मोकळी केली. पाणी रस्त्याच्या गटारात, तिथून नाल्यात, तिथून तळ्यात.

१० जून, मंगळवार. नळी २ दोन दिवसांत ३१ सेंमी खाली. खड्डा ४ सेंमी. भिंतीला डाग पडलेत, तक्रार आली आहे.

२६ जून, गुरुवार

अर्धी रजा. कालची अमावास्या, आज मोसमातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक, तक्त्यात पावणेपाच मीटरच्या घरात. पावसाळ्यात दुपारची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते, हिवाळ्यात उलट. म्हणून आमच्याकडे पाऊस आणि उधाण भरदुपारी, शाळा सुटायच्या वेळेला गाठ घेतात.

सव्वाबारा ते सव्वातीन झडप बंद. त्याच तीन तासांत माझ्या बाटलीत पाऊस ३८ मिमी. तळं चढलं १७० मिमी. तळ्यावर पडलेले ३८ वजा केले तर उरलेले १३२ मिमी नाल्यातून आले, रस्ते, गच्च्या, पार्किंग आणि आमची अकरा भोकं. दोन एकरांवर १३२ मिमी म्हणजे साडेदहा लाख लिटर. खाडीकडचं दार बंद होतं, त्यामुळे हे सगळं तळ्यातच थांबलं. सव्वातीनला झडप किलकिली झाली, साडेआठपर्यंत तळं जागेवर.

सेक्रेटरींना गच्चीवर नेऊन दाखवलं. भराव टाकायचा अर्ज त्यांच्या फाइलमध्ये अजून होता. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिवरांभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातही बांधकामाला मनाई आहे, हे मी मार्चमध्ये सांगितलं होतं, तेव्हा त्यांना ते आडमुठेपणाचं वाटलं होतं. आज ते तळ्याकडे बघत म्हणाले, "हे तीन तास मग कुठे ठेवायचं हो पाणी?" मी काही बोललो नाही. बोललो असतो तर परत वाद झाला असता.

२० जुलै, रविवार

तळं १,४०० टीडीएस. जवळपास गोडं. बांधाच्या कडेला पाणकणीस फुटलंय, मार्चमध्ये तिथे एक पातं नव्हतं. वास येतो, खाऱ्या चिखलाचा नव्हे, सडक्या पाल्याचा. लेकीने वाटीभर पाण्यात डासांच्या ४० अळ्या मोजल्या. मार्चमध्ये याच पाण्यात बोयची पिल्लं होती.

आबा म्हणतात, उघाडी कायम घट्ट ठेवायची वस्तू नव्हती. भात कापून झालं की फळी वीतभर उचलायची, खाडीचं पाणी आणि त्याबरोबर मासळी आत. "पोटाला भात, तोंडी लावायला म्हावरं. दोन्ही एकाच उघारीतून."

पावसाळ्यात झडप बंदच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २६ जूनला ती उघडी असती तर खाडी आणि नाला दोघेही एकदम आत आले असते. पण बाकीचे आठ महिने? झडपेला हँडल नाही. ती फक्त पाण्याचं ऐकते किंवा गोणीचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल आणि आज ढगफुटीसारखा. लोकल बंद, शाळांना सुटी. बाटली कालच दोनदा भरून वाहिली, त्यामुळे आकडा नाही. याबद्दल स्वतःवर चिडलोय, मोठी बाटली लावायला काय झालं होतं.

आज एकादशी, म्हणजे भांग. भरती बसलेली, झडप दिवसातला बराच वेळ उघडी, तळं चढत होतं तसं उतरतही होतं. कमाल +४१ सेंमी, रस्त्याला लागायला अजून वीत बाकी होती. लिफ्टचा खड्डा ६ सेंमी, पाऊस थांबल्यावर चार तासांत २.

आमच्या मजल्यावरचे जुने रहिवासी २६ जुलै २००५ काढून बसले. सांताक्रूझला ९४४ मिमी. तेव्हा ते नोसिलच्या थांब्यापासून कमरेभर पाण्यातून चालत आले होते. आठ दिवसांपूर्वी, पौर्णिमेनंतरच्या उधाणात हाच पाऊस पडला असता तर, हे मी मनात मोजून पाहिलं. +४१ च्या जागी काय आलं असतं ते पेन्सिलने लिहिलंय, पेनाने नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. विसर्जनाला टाक्या होत्या, पण निर्माल्य आणि नारळ कुणीतरी नाल्यात सोडलेच. सकाळी वाचन घ्यायला गेलो तर तळ्यावर झेंडू पसरलेला.

तळ्याची पट्टी बघून थबकलो. रात्रीच्या भरतीची ओली रेघ कालच्यापेक्षा ९ सेंमी वर. पाऊस नव्हता. मोरीवर ओणवा होऊन टॉर्च मारला. झडप आणि चौकटीच्या मध्ये नारळ. शेंडीसकट. ओहोटीला बाहेर पडताना बरोबर कोपऱ्यात बसला आहे, चार बोटांची फट.

लेक म्हणाली काढूया, काठी आणते. मी म्हटलं, पाऊस किती राहिलाय ते बघू. मग दोघंही उगीचच खाडीकडे बघत उभे राहिलो.

तळं टीडीएस सकाळी २,१००.

९ सप्टेंबर, मंगळवार. टीडीएस ११,०००, पातळ करून मोजलं. दुपारच्या भरतीला +१२. काठावर दोन शेकाटे, लांब पायांचे पाणपक्षी. लिफ्टचा खड्डा कोरडा.

नारळ जागेवर. ठेकेदाराची माणसं आता थेट पुढच्या मेमध्ये येतील.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. पाऊस अधूनमधून आहे. वाकलेल्या सळईचा हूक करून मोरीच्या कठड्याला बांधून ठेवला. मोठ्या पावसाचा इशारा आला की नारळ ओढायचा, एरवी नाही. किल्ली आबांकडे. म्हणजे किल्ली कसली, गाठ आहे, आणि ती सोडायची कशी हे त्यांनाच येतं.

तळं +१५, टीडीएस १९,०००. नळी ३ +०.६. नळी ४ मधली चिंबोरी मोठी झाली आहे, तिथलं वाचन बंद करतोय.